दंड किती दिवसांचा? कोर्टात कमाईचा कागद कसा द्यावा

आठ वर्षांपूर्वी रूळ ओलांडताना पकडलेला एक पोरगा माझ्या डोळ्यांदेखत पाचशे रुपयांसाठी आत गेला. वय एकोणीस, नाक्यावरची मजुरी, खिशात एकशे चाळीस रुपये आणि बॅटरी उतरलेला मोबाईल. मी दुसऱ्या मॅटरसाठी त्या कोर्टात बसले होते. दंड सुनावला, ‘भरतोस का?’ असं विचारलं, त्यानं नुसती मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. चौथ्या दिवशी त्याची बहीण पैसे घेऊन आली तेव्हा तीन दिवसांची कैद भोगून तो बाहेरही आला होता. साइटवरचं काम मात्र गेलं होतं. त्या दिवशी उठून ‘साहेब, याला मुदत द्या’ एवढं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण मुदतीचं कलम मी तोवर कधी वापरलंच नव्हतं.

मी फौजदारी वकील आहे. कुर्ला, विक्रोळी, मुलुंड या कोर्टांत माझी रोजची ये-जा असते. त्या पोरानंतर मी एक सवय लावून घेतली: दंडाची शक्यता असलेल्या प्रत्येक मॅटरमध्ये अशिलाच्या घरखर्चाचा एक कागद आधीच तयार ठेवायचा. तो कसा करायचा, कधी पुढे करायचा आणि त्यावर काय मागायचं, ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरातलं कुणी कोर्टाच्या फेऱ्यात अडकलं आहे त्यांच्यासाठी, आणि नुकतीच सनद घेतलेल्या वकिलांसाठीही.

आधी यामागचा विचार समजून घ्या, कारण साहेबांनी विचारलं तर तो दोन वाक्यांत सांगता यायला हवा. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड दिवसांत मोजतात. गुन्हा किती गंभीर आहे ते पाहून आधी दिवस ठरतात. मग त्या माणसाच्या एका दिवसाची किंमत काढतात: करकपातीनंतरचं महिन्याचं उत्पन्न घ्यायचं, त्यातून २५५ युरो वजा करायचे, उरलेल्याला ६० नं भागायचं. घरात पोसायला माणसं असतील तर माणशी ३ युरो आणखी कमी. दिवस गुणिले ही किंमत, म्हणजे दंड. स्वीडननं ही पद्धत १९३१ मध्ये घेतली, जर्मनीनं १९७५ मध्ये. जर्मनीत एका गुन्ह्याला ५ ते ३६० दिवस आणि एका दिवसाचा भाव १ युरोपासून ३०,००० युरोंपर्यंत. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला हेलसिंकीत ५० च्या हद्दीत ७५ च्या वेगानं मोटारसायकल चालवल्याबद्दल १,१६,००० युरो दंड झाला होता. उत्पन्न घटल्याचं त्यानं दाखवल्यावर तो पुढे पुष्कळ खाली आला. म्हणजे तिथल्या श्रीमंतानंही शेवटी कमाईचा कागदच पुढे केला.

आपल्याकडे अशी पद्धत नाही. आपला कायदा रुपयांत बोलतो. पण ‘पर्यंत’ हा शब्द जिथे जिथे आहे, तिथे दिवसांचा हिशेब मांडायला जागा आहे.

एक ताजं उदाहरण सांगते. कुर्ल्याला स्टेशनबाहेर शहाळी विकणारे एक काका आहेत. वय बावन्न. रस्त्यात गाडी लावून अडथळा केला म्हणून त्यांच्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ लागलं. जुन्या दंडसंहितेत याच गुन्ह्याला २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून तो ५,००० रुपयांपर्यंत गेला. काका माझ्याकडे आले तेव्हा आजूबाजूच्यांनी त्यांना ‘तीन हजार तर जाणारच’ असं सांगून ठेवलं होतं. मी त्यांना आणि काकूंना समोर बसवून वही काढली.

कमाई विचारताना ‘महिन्याला किती मिळतात?’ असं विचारू नका. रोज कमावणाऱ्याला महिन्याचा आकडा माहीत नसतो. तो अंदाजानं गोल आकडा सांगतो आणि तोच पुढे कोर्टात अंगाशी येतो. काल किती नग विकले, नग कितीला पडला, कितीला दिला, टेंपोवाल्याला किती, स्ट्रॉ आणि पिशव्यांना किती, महिन्यातून गाडी किती दिवस लागते, असं सुटंसुटं विचारा. काकांचे हातात दिवसाला ६०० राहतात, महिन्याला २४ दिवस, म्हणजे १४,४००. काकू दोन घरी पोळ्या करतात, त्यांचे ६,०००. एकूण २०,४००. मग खर्च: खोलीचं भाडं ७,०००, रेशन आणि गॅस ६,०००, लाइट बिल १,०००, दोन मुलांची फी आणि ट्यूशन २,०००, गावी आईला १,५००, काकांची शुगरची औषधं ७००. झाले १८,२००. उरले २,२००. तीसनं भागले तर दिवसाला ७३ रुपये.

हा ७३ चा आकडा मी कागदावर गोल करून ठेवला. तीन हजार दंड म्हणजे काकांचे ४१ दिवस. त्याच रस्त्यावर गाडी आडवी लावणाऱ्या एखाद्याच्या हाती महिन्याकाठी ६०,००० उरत असतील, तर त्याचा दिवस २,००० चा. त्याला तोच तीन हजारांचा दंड दीड दिवसात फिटतो. गुन्हा एक, कलम एक, आणि शिक्षेत असा फरक. मला हे खरोखर सहन होत नाही, आणि म्हणूनच तो कागद माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर असतो.

हिशेबाला पुरावा जोडा. पासबुकाच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या नोंदी, रेशनकार्डाची झेरॉक्स, लाइट बिल, भाड्याची पावती किंवा करारनामा, शाळेची फी भरल्याची पावती, औषधाची चिठ्ठी, माल घेतल्याचं बिल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला असेल तर उत्तमच. नसेल तर त्यासाठी तारीख घालवू नका, स्वतःच्या सहीचं प्रतिज्ञापत्र करा. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा: गाडीवर क्यूआर कोड लावलेला असेल तर त्यावर आलेले पैसे हिशेबात दाखवा. काकांच्या मुलानं ‘ते नको सांगायला’ म्हटलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं. खोटं प्रतिज्ञापत्र हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि एक आकडा खोटा निघाला की बाकीचे खरे आकडेही कुणी वाचत नाही.

कागद न देण्याचा फटका कसा बसतो ते इंग्लंडनं पाहिलेलं आहे. तिथे ऑक्टोबर १९९२ मध्ये उत्पन्नावर आधारित दंड सुरू झाला आणि वर्षभरातच, १९९३ मध्ये, बंद पडला. उत्पन्नाचा तपशील न देणाऱ्याला सगळ्यात वरचा भाव लागे. वेफर्सचं रिकामं पाकीट रस्त्यावर टाकलं म्हणून एकाला १,२०० पौंड दंड झाला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. विचार चांगला होता, पण कागदाशिवाय राबवल्यामुळे तो बदनाम झाला.

आता कधी बोलायचं ते. हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक जण इथेच चुकतात.

‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नाला ‘होय साहेब’ म्हणून मोकळं व्हायची घाई सगळ्यांनाच असते. कबुली म्हणजे दोषसिद्धी. ती तुमच्या नावावर लागते, नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या वेळी विचारली जाते. त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नका. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तो मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती यांना तर उत्पन्नाची अटच नाही. फोन करायचा असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

कबुली द्यायचं पक्कं ठरलं असेल, तर कबुली आणि दंडाचा आकडा यांच्यामध्ये जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. छोट्या मॅटरमध्ये तेवढाही नाही. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, पन्नास-साठ मॅटर असतात, साहेबांच्या तोंडून आकडा निघाला, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) लिहिला गेला की तो मागे येत नाही. म्हणून कागद आधी द्या. नाव पुकारल्यावर उभं राहतानाच हातात धरा आणि ‘शिक्षेच्या मुद्द्यावर म्हणणं द्यायचं आहे’ असं म्हणा. ही पाच शब्दांची ओळ पाठच करा. वकील नसेल तर आरोपीनं स्वतः म्हटलं तरी चालतं.

म्हणण्याचा मजकूर मी असा ठेवते, तुम्ही हवा तसा बदला:

‘मे. न्यायदंडाधिकारी साहेब यांचे न्यायालयात. आरोपीचे शिक्षेच्या मुद्द्यावरील म्हणणे. मी शहाळी विकतो. घरात माझ्यासह पाच माणसे आहेत. सोबतच्या हिशेबाप्रमाणे घरखर्च जाऊन माझ्याकडे दिवसाला ७३ रुपये शिल्लक राहतात. हा माझा पहिलाच गुन्हा आहे. गाडी मी आता रस्त्यातून हलवली आहे. कलम २८५ मध्ये किमान दंड नाही. माझ्या दहा दिवसांच्या शिलकीइतका, म्हणजे ७५० रुपयांपर्यंत दंड करावा. तो एकदम भरणे शक्य नसल्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ प्रमाणे हप्ते करून द्यावेत. हिशेब व कागदपत्रे सोबत जोडली आहेत.’

एका पानाच्या वर जाऊ नका. हिशेब मागच्या बाजूला, एका नजरेत दिसेल असा. ‘मी गरीब आहे, दया करावी’ हे वाक्य मी घालत नाही. सगळेच घालतात, त्यामुळे ते कुणाच्याच कामी येत नाही. ७३ हा आकडा कामी येतो.

‘मग गरिबानं गुन्हा केला तर त्याला स्वस्तात सोडायचं का?’ हा प्रश्न मला तीनदा विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. उत्तर असं द्यायचं की दिवस दोघांनाही सारखेच लावा. दहा दिवस ठरवा, पाहिजे तर पंधरा ठरवा, फक्त दिवसाचा भाव ज्याचा त्याला लावा. कायद्याचा आधारही आहे. न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये म्हटलं आहे की रकमेची मर्यादा दिलेली नसेल तिथेही दंड अवाजवी असता कामा नये. पलनिअप्पा गौंडर या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं २०,००० चा दंड ३,००० वर आणला. आणि शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश या २००७ च्या निकालात, दंड न भरल्याबद्दलची कैद ठरवताना आरोपीची आर्थिक स्थिती पाहावी असं सांगून तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली. हे दोन निकाल फाइलमध्ये असू द्या.

जिथे कायद्यानं खालची मर्यादा बांधली आहे तिथे मागणी बदला. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ मध्ये, म्हणजे रूळ ओलांडण्याच्या गुन्ह्यात, दंड १,००० पर्यंत आहे, पण विशेष कारण नोंदवल्याशिवाय ५०० च्या खाली जाता येत नाही. तिथे ते विशेष कारण तुमच्या हिशेबातूनच दाखवा. तेही जमलं नाही तर रकमेवर वाद न घालता हप्ते मागा आणि दंड न भरल्यास होणारी कैद कमीत कमी ठेवायला सांगा.

या कैदेचा हिशेब लोक करतच नाहीत. दंडाला तिच्या दिवसांनी भागा, म्हणजे तुरुंगातल्या तुमच्या एका दिवसाचा भाव कळेल. कायद्यातच एक उदाहरण छापलं आहे: दंड १,०००, न भरल्यास चार महिने कैद. म्हणजे दिवसाला सव्वाआठ रुपयांच्या आसपास. नाक्यावरचा मजूरसुद्धा एवढ्या भावात कुणाचं काम करत नाही. जर्मनीत पूर्वी दंडाच्या एका दिवसाला कैदेचा एक दिवस होता. फेब्रुवारी २०२४ पासून दंडाच्या दोन दिवसांना कैदेचा एक दिवस धरतात. आपल्याकडे नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला ५,००० पर्यंतच्या दंडासाठी दोन महिन्यांपर्यंत साधी कैद देता येते. ही वरची मर्यादा आहे, म्हणून ‘पाच दिवसांपेक्षा जास्त नको’ असं आकड्यानिशी मागा.

हप्त्याचं कलम ४६४ सोपं आहे. शिक्षा नुसत्या दंडाची असेल, आणि न भरल्यास कैद असेल, तर साहेब तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतात. किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतात: पहिला तीस दिवसांच्या आत, पुढचे तीस-तीस दिवसांच्या आत. तोवर बाँड, म्हणजे हजर राहण्याचं हमीपत्र, लिहून घेऊन घरी सोडतात. दंडासोबत मूळ कैदेचीही शिक्षा असेल तर हे कलम चालत नाही. हप्ता चुकला तर कैदेचा हुकूम लगेच अमलात येतो, त्यामुळे झेपेल एवढाच हप्ता मागा आणि तारीख धंद्याची गणितं पाहून घ्या. शहाळ्याचा धंदा पावसाळ्यात निम्म्यावर येतो. तेव्हाची तारीख घेऊन काय करणार?

दंडाऐवजी काम करून शिक्षा फेडण्याचीही सोय आता थोड्या गुन्ह्यांत आली आहे, तिला सामुदायिक सेवा म्हणतात. पहिल्यांदाच चोरीत सापडलेला माणूस, माल ५,००० रुपयांच्या आतला आणि तो परत केलेला, किंवा दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी केलेला गोंधळ, अशा ठिकाणी ती मागता येते. मागताना कामाचे दिवस रोजगार बुडणार नाही असे मागा, शनिवार-रविवार किंवा सकाळचे तास.

आणि माणूस आत गेलाच असेल तर? तरी उशीर झालेला नाही. दंड भरला त्या क्षणी ही कैद संपते. थोडा भरला तर तेवढ्या प्रमाणात दिवस कमी होतात. दोन हजार दंड आणि वीस दिवस कैद असेल, पाच दिवस झाले असतील, तर पंधराशेच भरायचे आहेत, पूर्ण दोन हजार नाहीत. घरचे इथेतिथे उसनं मागत ‘पूर्ण रक्कम जमली की जाऊ’ म्हणून थांबतात, तसं थांबू नका, रोजचा भाव काढून आज जेवढे आहेत तेवढे भरा. अजिबातच जमत नसेल तर २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी मदत योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मर्यादा दंडासाठी २५,००० पर्यंत आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० पर्यंत होती. ड्रग्ज, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार आणि यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) यांच्या आरोपींना ती नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे लेखी अर्ज द्या, तुरुंग अधीक्षकांना प्रत द्या, आणि त्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं तिथे कुठेच पोचत नाही.

जामिनाच्या वेळीही हाच कागद चालतो. बाँडची रक्कम अवाजवी नसावी असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४ सांगतं. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला १०,००० चा जामीनदार मागितला होता, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो १,००० च्या बाँडवर आणला. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं धरून त्याच्या स्वतःच्या बाँडवर सोडावं असं कायद्यातच आहे. त्यामुळे भाड्यानं जामीनदार मिळवून देणाऱ्या दलालांच्या नादी लागण्याआधी आठव्या दिवसाची वाट पाहा आणि अर्ज टाका.

काकांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. बोर्डावर त्यांचा नंबर चाळीस होता. साहेबांनी कागद वाचला, उलटून हिशेब पाहिला आणि काकांना विचारलं, “औषधं रोज घेता का?” काका म्हणाले, “परवडतील तसं, साहेब.” दंड १,५०० झाला, न भरल्यास पाच दिवस साधी कैद, आणि दोन हप्ते. मी मागितले होते साडेसातशे, आजूबाजूचे सांगत होते तीन हजार. पंधराशे म्हणजे काकांचे वीस दिवस. माझ्या मते तरीही जास्तच.

दोन्ही हप्ते त्यांनी खिडकीवर स्वतः भरले. पैसे भरल्यावर पावती घ्या, तिच्यावर केस नंबर बरोबर आहे ना तो तिथेच वाचा, आणि पावतीची झेरॉक्स जोडून दंड पूर्ण भरल्याची पुरशिस, म्हणजे कोर्टाला कळवणारा छोटा लेखी अर्ज, दाखल करा. रोजनाम्यात नोंद झाली का ते पुढच्या आठवड्यात जाऊन बघा. नोंद राहून गेली तर कैदेचा हुकूम पुन्हा डोकं वर काढू शकतो, आणि दंडाची वसुली कायद्यानं सहा वर्षांपर्यंत करता येते. मूळ पावती तोवर जपून ठेवा. काकांनी त्यांची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीखालच्या खोक्यात, कोयत्याच्या बाजूला ठेवली होती. मी ती तिथून काढायला लावली आणि काकूंच्या ताब्यात, रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवायला सांगितली.